दार उघडं ठेवून केलेला आल्बम

दुःखाचा व्यवहार इतक्या आनंदाने करणारा माणूस माझ्या मामेसासऱ्यांखेरीज या पृथ्वीतलावर दुसरा नसावा. ब्लूज हे मूळचं अमेरिकेतल्या राबणाऱ्या काळ्या माणसांचं, हुंदका गिळून गायचं संगीत. मामा ते डिलाईल रोडवरच्या चाळीत, गंजीफ्रॉक आणि पट्ट्यापट्ट्याच्या लेंग्यात, आमरस चापून उठल्यासारख्या चेहऱ्याने वाजवत. गिरणीत कामाला असताना एका खलाशी मित्राने त्यांना कॅसेट आणून दिली आणि मामा कामातून गेले. "जावईबापू, ही आपलीच माणसं हो. तिकडे गिरणीऐवजी कापसाचं शेत, एवढाच फरक," असं त्यांनी मला माझ्याच साखरपुड्यात समजावलं, तेव्हा अंगठी घालायची अजून राहिली होती.

गिटारच्या तारांवरून ते गिरणीतली एक लोखंडी नळी बोटात घालून घसरवत. मामींनी ती एकदा भंगारात दिली, तर ती परत मिळेपर्यंत मामांनी तीन दिवस अबोला धरला. त्या शांत दिवसांची आठवण मामी अजून काढतात. मामांच्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नाही. दार लागलं म्हणजे आत भांडण तरी, नाहीतर कुणी गेलं तरी. त्यामुळे मामांचा रियाज पन्नास वर्षं उघड्या दारात झाला आणि गॅलरीतून जाणाऱ्या प्रत्येकाने त्यात सुधारणा सुचवल्या. समोरच्या काकू तर तांदूळ निवडता निवडता सांगत, "आज नाय रंगलं. कालचंच वाजवा." मामा मुकाट्याने कालचं वाजवत.

आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या ऑर्केस्ट्रात साथ केली, स्वतःच्या नावाने एक गाणं निघालं नाही. गेल्या वर्षी बोटं आखडू लागली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, काही महिन्यांत गिटार सुटेल. मग आम्ही सगळ्यांनी मिळून आल्बमचा घाट घातला. गायला मामांचे बालमित्र, जलशांत हयात घालवलेले शाहीर. क्लॅरिनेटला लालबागच्या वरातीच्या बँडमधले एक गृहस्थ. दादरला पहिल्या मजल्यावरचा स्टुडिओ दोन दिवसांसाठी घेतला.

पहिल्या दिवशी रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलीने ते जाडजूड दार लावलं आणि मामा दगड झाले. नळी बोटात, गिटार मांडीवर, सूर एक नाही. चहा झाला, वडापाव झाला, संध्याकाळ झाली. आपल्याला उशीर झाला, बोटं गेली, असंच मला वाटलं. मामी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी शाहीर उठले. "ए बाय, तेवढं दार उघड. घरात मयत झाल्यासारखं काय बसवलंस त्याला?"

"आजोबा, शेजारी शिवणक्लास आहे. मशीनचा आवाज येईल!"

"येऊ दे गं. उघड तू."

दार उघडलं. शिलाई मशीनची खडखड आत आली. मामांनी मान वर केली, पाय आपोआप हलू लागला. "वा! आता कसं गिरणीच्या खात्यात बसल्यासारखं वाटतं," म्हणाले आणि त्यांनी तार छेडली. शाहिरांनी डोळे मिटून असा काही आवाज लावला की क्लॅरिनेटवाले वरात विसरले. शिवणक्लासच्या बायका दारात गोळा झाल्या. गाणं संपतं न संपतं तोच एक ओरडली, "काका, परत घ्या की!" मामांनी परत घेतलं. संध्याकाळपर्यंत नऊच्या नऊ गाणी झाली. ती मुलगी हेडफोन काढून रडत होती, आणि मीही काही कमी रडलो नाही.

आल्बमवर शिवणक्लासचंही नाव आहे, मामांनी हट्टाने घालायला लावलं. जाणकार लोक तिसऱ्या गाण्यातलं ते खडखडणारं वाद्य कोणतं म्हणून विचारतात. चाळीत त्या आल्बमचा असा जयजयकार झाला की काकूंनीसुद्धा एकही सुधारणा सुचवली नाही.

आता मामांची बोटं वळत नाहीत. परवा गेलो, तर आल्बम लावून, दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत बसले होते. मी भीत भीत विचारलं, "मामा, वाजवता येत नाही याचं वाईट वाटतं?"

"वाटतं तर," ते म्हणाले. "पण पन्नास वर्षं वाजवण्यात गेली जावईबापू, ऐकायला सवड कुठे होती? बसा. बरा वाजवायचा हो हा माणूस."