अक्षता लागलेली काडतुसं

मुलीच्या जातीनं बंदुकीच्या दुकानात बसू नये, हे मला कलकत्त्यातल्या झाडून साऱ्या मराठी बायकांनी सांगून झालं होतं. बायका मोजक्याच, पण जिभा भरपूर. मी बसत होते. साठच्या दशकाची ती शेवटची वर्षं. शिकारीवर अजून बंदी आली नव्हती, आणि धरमतल्याजवळच्या गल्लीतलं आमचं दुकान बाबा आणि मी, दोघंच चालवत होतो. मला भाऊ नव्हता. माझं लग्न झालं की दुकान विकून टाकायचं, हे आईनं केव्हाच ठरवलं होतं. बाबांनी त्याला हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. माझा सगळा राग त्या गप्प बसण्यावर होता.

गिऱ्हाइकं मला दिदी म्हणत. बागबाजारचे एक म्हातारे बाबू दर वेळी तोच विनोद करायचे. "ज्या मराठ्यांच्या भीतीनं आमच्या पूर्वजांनी कलकत्त्याभोवती खंदक खणला, त्यांच्याच पोरीकडून मी काडतुसं घेतोय!" मी म्हणायची, "घ्या मुकाट्यानं, नाहीतर पुन्हा खणायला लागा." ते हसत हसत दोन डबे जास्त न्यायचे.

बाबांची एक सवय होती. शिकारीला निघालेल्या प्रत्येकाला ते सांगत, जनावरात सापडलेली गोळी फेकू नका, मला आणून द्या. अशा गोळ्यांनी काउंटरचा एक खण भरला होता. कुठली चपटी झालेली, कुठली फुटलेली, कुठली जशीच्या तशी. कुठली कशाला लागली होती ते बाबा सांगत, आणि मी लहानपणापासून ते ऐकत, गोळ्या हाताळत मोठी झाले. शाळेतल्या पुस्तकांपेक्षा मला त्या खणानं जास्त शिकवलं, असं मी आजही छातीठोकपणे सांगते.

आई दुकानात पाऊल टाकायची ते वर्षातून एकदा, खंडेनवमीला. बाहेर दुर्गापूजेचे ढाक बडवले जायचे आणि आत आमची शस्त्रपूजा चालायची. पाटावर बंदुका, समोर काडतुसांचे उघडे डबे, हळद, कुंकू, झेंडू. पूजेत मांडलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, असा आईचा दंडक होता.

त्या वर्षी नेमका त्याच दिवशी, तोही दुकानातच, मला 'बघायचा' कार्यक्रम ठरला. मुलाचे वडील नागपूरचे. सरकारी कोळसा खात्यात मोठे अधिकारी, बदलून कलकत्त्याला आलेले. शिकारीचा भारी नाद. मुलाला रजा मिळाली नव्हती म्हणून तो आलाच नाही. वडिलांचं रिव्हॉल्वर मात्र आलं होतं. अमेरिकेहून आणलेलं, मोठ्या बोअरचं, हातात घेतलं की मनगट वाकावं असं. दिवाळीत ते त्यानंच रानडुक्कर मारणार होते.

त्यांनी पूजेतल्या एका डब्याकडे बोट दाखवलं. "हाच द्या. पोकळ नाकाच्या गोळ्या आहेत, अंगात शिरल्या की फुलासारख्या उमलतात. शिवाय पूजेतल्या, म्हणजे शुभच!"

आईचा चेहरा उजळला. बाबांचा हात डब्याकडे गेला. दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही हा दंडक आमच्यासाठी होता. होणाऱ्या व्याह्यांसाठी नव्हता.

मी डबा माझ्याकडे ओढला आणि एक काडतूस उचललं. आईनं भक्तिभावानं एकेका गोळीला गंध लावून वर अक्षता टेकवल्या होत्या. गोळीच्या टोकाला जो खड्डा असतो, त्यात ओलं गंध वाळून घट्ट बसलं होतं आणि त्यात तांदळाचा दाणा रुतला होता. डब्यातली एकही गोळी आईच्या भक्तीतून सुटली नव्हती.

"काका, हे विकायचं नाही," मी म्हणाले.

"का बरं?"

"गोळी उमलते ती या खड्ड्यामुळे. तो भरलाय. आता उमलली तर उमलली, नाहीतर नाही. आणि खड्डा साफ करून दिला तरी रानडुकराला ही गोळी मी देणार नाही. त्याच्या खांद्यावरची कातडी ढालीसारखी असते. ही वरच्यावर उमलून तिथंच थांबेल, आणि चिडलेलं डुक्कर तुमच्या अंगावर येईल."

"अगं, गप्प बस," आई पुटपुटली.

मी खण उघडला. डुकराच्या खांद्यातून निघालेली एक पोकळ नाकाची गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. पार पापडासारखी झाली होती. शेजारी दुसरी ठेवली, कडक शिशाची, चपट्या तोंडाची. ती हाड मोडून पलीकडच्या कातडीपाशी सापडली होती, आणि तिचा आकार फारसा बिघडला नव्हता. "अशा गोळ्यांची काडतुसं न्या, ती पूजेत मांडलेली नाहीत. आणि साधं मऊ शिसंही नको. तुमच्या रिव्हॉल्वरचा जोर मोठा आहे, मऊ शिसं नळीत माखून बसेल."

त्यांनी दोन्ही गोळ्या बराच वेळ निरखल्या. माणूस चांगला. मोठ्यांदा हसले. "पटलं! हीच द्या." मग आईकडे वळून म्हणाले, "मुलगी पसंत आहे आम्हाला. लग्नानंतर दुकानात बसायचं नाही, एवढंच. आमच्याकडे पाच बंदुका आहेत, त्यांची निगा राखू दे की हौसेनं. पाहुण्यांनाही ऐकवेल हे सगळं."

मला एकदम दिसलं ते. चहाचा ट्रे हातात, आणि पाहुणे म्हणताहेत, सूनबाई, त्या गोळीचं सांगा ना जरा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं ज्ञान त्यांना हवं होतं, पण दिवाणखान्यात, शोभेला.

"काका, मी दुकान सोडणार नाही," मी म्हणाले. "ते चालत नसेल तर मला हे स्थळ नको."

आई खुर्चीत बसली ती उठेचना. काका ओशाळले, काडतुसं घेऊन गेले. बाबा तेव्हाही गप्पच. घरी पोचेपर्यंत ट्राममध्ये आई एवढंच म्हणत राहिली, "आता कोण करणार हिच्याशी लग्न?" मी म्हटलं, "नाही केलं तर राहिलं!" आणि मला खरोखर तसंच वाटत होतं.

दसऱ्याला सकाळी बाबा अंघोळ करून आले आणि आईसमोर, न अडखळता मला म्हणाले, "दुकानाच्या लायसन्सवर माझ्या जोडीला तुझं नाव घालायचं म्हणतोय. पण लग्नात नाव बदलतं. मग पुन्हा पोलीस कचेरीच्या खेपा."

"बदलणार नाही," मी म्हणाले. "घाला."