मैना बसली होती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. बावीस वर्षांच्या संसारात एकदाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही.

फौजेत कमांडो तुकडीबरोबर मी कुत्री सांभाळायचो. मैना, लॅब्राडोर. पुरलेल्या सुरुंगाचा वास आला की ती भुंकायची नाही, खाली बसायची. ती बसली की सगळ्यांनी थांबायचं. एवढंच काम — तिनं बसायचं, मी तिच्यावर विश्वास ठेवायचा. यात अवघड काय होतं?

त्या दिवशी डोंगरातल्या वाटेवर ती दोनदा बसली. दोन्ही वेळा जमीन तपासली, काही निघालं नाही. दीड तास गेला. मागून दत्ता — आमच्या नायगावचा — म्हणाला, "मैनाबाई दमल्या का? पाट मांडू का बसायला?" पोरं हसली. मला लाज वाटली.

पुढे वळण होतं. वळणापलीकडे आम्ही दोघंच, मी आणि मैना. ती तिसऱ्यांदा बसली.

मी पट्टा ओढला.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बसली. मी पुन्हा ओढला, जोरात. ती उठली. मी वळणापर्यंत मागे येऊन मागच्यांना हात केला — वाट मोकळी आहे. आम्ही अकरा पावलं पुढे गेलो असू, तेव्हा मागे स्फोट झाला. दत्ताचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

चौकशीत मला एकच प्रश्न विचारला — कुत्री बसली होती का?

मी म्हणालो, नाही.

पाहिलेलं कोणी नव्हतं. आणि तिला कोण विचारणार होतं? कागदावर आलं — कुत्री भरवशाची नाही. पाच वर्षांची होती, त्याआधी एकही चूक नाही. तिला कामावरून काढलं, दुसरीकडे पाठवलं. गाडीत चढताना ती शेपूट हलवत होती. पुढे तिचं काय झालं, मी विचारलं नाही. विचारता आलं असतं.

आता मी लातुरात राहतो. वर्षातून दोनदा एसटीनं दत्ताकडे जातो. गेल्या खेपेला त्याच्या धाकट्या मुलीनं विचारलं, बाबा, पाय कसा गेला? दत्ता म्हणाला, "ह्या काकाची एक कुत्री होती. लई हरामखोर. बसायच्या टायमाला बसलीच न्हाई. काकाचा काय दोष त्याच्यात?" आणि माझ्याकडे वळून, "काय गा, बसली का ती?"

मी म्हणालो, "न्हाई."