अबोली साडीचा काठ

पास्कूकाका गेल्याचा त्यांच्या लेकीचा फोन आला, तेव्हा मी तांदूळ निवडत होते. फोन ठेवला आणि पहिला विचार आला, आता आप्पांना कसं सांगायचं? रविवारी काकांकडे जायचं म्हणून त्यांनी इस्त्री करून ठेवलेला सदरा समोर खुंटीवर होता...

आगाशीच्या बाजारात काकांचा छोटा स्टुडिओ होता. लग्नं आणि पासपोर्टचे फोटो पोटापाण्यासाठी. जीव अडकलेला भलतीकडेच. सकाळच्या धुक्यातल्या केळीच्या बागा, बावखलाच्या तळ्यातलं पाणी, चर्चहून परतणाऱ्या लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या टिपत ते सायकलवरून हिंडायचे. बँड दिसला की क्लॅरिनेट वाजवायला मागून घ्यायचे. त्या नादात एकदा नवरीने हार घातला तो क्षणच हुकला, मग बिचारीला पुन्हा हार घालायला लावला, असं काकी हसत हसत सांगायच्या. पण त्यांचं खरं वेड म्हणजे कृष्णधवल फोटो हाताने रंगवणं. नव्वदच्या दशकात जिकडेतिकडे कलर लॅब झाल्या, तरी काकांचा ब्रश आणि कापसाचे बोळे काही सुटले नाहीत.

आम्ही तेव्हा तुळिंजला नवीनच राहायला आलो होतो. मी दोन वर्षांची असताना आई गेली. तिचा एकुलता एक फोटो रंगवायला मी काकांकडे नेला.

“साडी कुठल्या रंगाची होती?”

“माहीत नाही काका. कुठलाही द्या.”

“कुठलाही कसा देऊ गो पोरी? तुझी आई काय कुठलीही होती?”

मला रडूच आलं. आप्पा आईबद्दल चकार शब्द काढत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. काका म्हणाले, “मग त्यांनाच घेऊन ये. बाकी मी बघतो.”

आप्पा कुरकुरत आले. काकांनी सांत्वनाचं काही बोलणं काढलं नाही. शिंप्याने माप विचारावं तसं विचारलं, “साहेब, साडीला कुठला रंग लावू?”

“अबोली,” आप्पा म्हणाले. मग फोटो हातात घेऊन म्हणाले, “दादरला घेतलेली. दुकानात तीनतीनदा विचारत होती, फार भडक नाही ना दिसत?”

त्या दुपारी मी माझ्या आईबद्दल पहिल्यांदा ऐकलं. काका बशीत रंग कालवत होते आणि आप्पा बोलत होते. शेवटी काकांनी विचारलं, “आणि काठ?” आप्पांनी मान हलवली. “नाही आठवत.”

“आठवेल. घाई नाही.”

काठ तेवढा राखाडी ठेवून काकांनी फोटो दिला. त्यानंतर आप्पा रविवारी आगाशीची बस धरू लागले. “काठाचं बघून येतो,” म्हणायचे. येताना वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी आणायचे आणि आईची एखादी नवी गोष्ट. अशी कितीतरी वर्षं गेली. मला आई मिळाली ती अशी, दर रविवारी थोडी थोडी. काकांचे हे उपकार फिटायचे नाहीत.

शेवटी मी आप्पांना काका गेल्याचं सांगितलं. ते उठून आईच्या फोटोपाशी गेले.

“मोरपंखी होता,” म्हणाले.

“काय?”

“काठ. पहिल्या दिवसापासून माहीत होतं मला. सांगितलं असतं तर फोटो पुरा झाला असता. मग कुठल्या निमित्ताने गेलो असतो त्याच्याकडे?” चष्मा पुसत ते खुर्चीत बसले. “त्यालाही कळलं होतं. दर वेळी विचारायचा, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणायचा, घाई नाही.”

फोटो संगणकावर पुरा करून देतो, असं माझा मुलगा म्हणाला. मी नको म्हटलं. काठ अजून राखाडीच आहे.