चार सेमिस्टर आणि तांदळातलं नाव

मी कमी बोलणारा माणूस. माझ्याकडून एक वाक्य काढायचं म्हणजे खोल विहिरीतून पाणी शेंदायचं, असं बायको म्हणते. म्हणून हे लिहितोय. तोंडानं एकदा बोललो, पण ते रागात. ते काही खरं सांगणं नव्हे.

बायकोची गणितातल्या बी.एस्सी.ची दोन वर्षं झाली होती. कुंभकोणमच्या बाजूच्या एका कॉलेजात चार सेमिस्टर, एकही पेपर न राहता. मग आमचं लग्न झालं आणि तिसरं वर्ष राहिलं ते राहिलंच. पुढं राजवाड्यामागच्या गल्लीत ती मुलांची गणिताची शिकवणी घेऊ लागली. तिच्याकडची मुलं शाळेत पहिली यायची, पण तीच शाळा तिला नोकरीवर घेईना, कारण डिग्री नाही. मुलगा अकरावीला हॉस्टेलला गेला आणि ती म्हणाली, "अहो, आता विद्यापीठात जुने क्रेडिट धरतात म्हणे. मी थेट तिसऱ्या वर्षाला बसते."

मी म्हटलं, बस की. एवढं सोपं वाटलं होतं.

विद्यापीठातल्या खिडकीमागच्या बाईंनी एका हातात मार्कलिस्ट धरली, दुसऱ्या हातात आधार.

"ह्या कोण?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"मीच," बायको म्हणाली.

"आणि ह्या?"

"त्याही मीच."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "सार, इनिशियल बदललं तर समजतं. अप्पांचं जातं, नवऱ्याचं येतं. इथं आख्खं नावच वेगळं. धर्म बदलला काय?"

"नाही."

"न्यूमरॉलॉजी?"

"नाही हो. लग्न झालं."

"लग्न माझंही झालंय," बाई म्हणाल्या. मागची रांग हसली.

आता हे त्यांना कसं समजवायचं? आम्ही मराठी लोकांनी इतक्या पिढ्या इथं तमिळ मुलखात काढल्या, जेवण सांबार-भाताचं झालं, बोलणं निम्मं तमिळ झालं, पण लग्नात मुलीचं नाव बदलायचं आम्ही सोडलं नाही. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं नाव काढायचं, साखर वाटायची. मी सांगत होतो आणि बाई ऐकत होत्या, जशी मी नोकरीला आहे त्या ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत लोकांची गाऱ्हाणी ऐकतो तशी. स्पेलिंगमधल्या एका अक्षरासाठी मी शेतकऱ्यांना परत पाठवलंय. त्या दिवशी मला परत पाठवलं.

"दोन्ही बायका एकच, असा तहसीलदारांचा दाखला आणा."

तहसील कचेरीत गेलो तर म्हणाले, लग्नाचा दाखला आणा, त्यात दोन्ही नावं असतील. नव्हती. लग्नाची नोंद मीच केली होती. तिथल्या माणसानं वधूचं नाव विचारलं तेव्हा मी नवं सांगून मोकळा झालो. जुनं सांगितलं असतं तर समजावत बसावं लागलं असतं, आणि मला बोलायचा कंटाळा. माझ्या त्या कंटाळ्यापायी ही दोन नावं सरकारदरबारी एकमेकांना कधी भेटलीच नाहीत. ग्रामअधिकाऱ्याकडं पाठवलं, तो रजेवर. तो आला तर सर्व्हर बंद. बायको दर वेळी इस्त्रीची साडी नेसून, अस्के कागद, एकूण एक, पिशवीत घालून तयार. दर वेळी पिशवी तशीच परत.

शेवटी पुन्हा त्याच खिडकीशी. आता बाई जरा मऊ झाल्या होत्या.

"अम्मा, ऐका. नव्या नावानं पहिल्या वर्षाला बसा, आज ॲडमिशन देते. जुने क्रेडिट विसरा. नाहीतर गॅझेटमध्ये द्या की अमकी होते ती आता तमकी झाले. महिन्याभरात आलं तर ह्याच वर्षी समितीपुढं ठेवू."

मी म्हटलं, "गॅझेट करू."

बायकोनं विचारलं, "आणि तमकीची परत अमकी झाले तर?"

"मग आधार, पॅन, बँक, सगळं बदलायचं. हे वर्ष गेलं."

"जाऊ दे. पुढल्या वर्षी येते."

रस्त्यावर आल्यावर माझा तोल गेला. "एक महिना! एका महिन्यात काम होतंय आणि तू वर्ष घालवतेस? नावात काय आहे एवढं?"

"मार्क मी त्या नावानं मिळवलेत. हे नाव मी मागितलं नव्हतं. दादाला मी सांगितलं होतं, परीक्षा व्हायची आहे, माझं नाव ठेवा म्हणून त्यांना सांग. त्यानं तोंड उघडलं नाही. तुम्हांला काय म्हणू? तुम्हांला ठाऊकच नव्हतं."

हे वाक्य मी आमच्या सगळ्या संसारभर ऐकत आलो होतो. दादानं सांगितलं नाही. ह्या एका गोष्टीसाठी ती पापनाशमला भावाच्या घरी सणाला गेली तरी रात्री कधी राहिली नाही. आणि दर वेळी मी गप्प.

"त्यानं सांगितलं होतं," मी म्हणालो. अजून आवाज चढलेलाच होता. "मांडवात, माझ्या कानात. आईनं नाव ठरवलं होतं, सगळे ताटाकडं बघत होते. मी आईनं ठरवलेलंच लिहिलं."

ती बसथांब्यावर जाऊन माझ्याकडं पाठ करून उभी राहिली आणि फोन लावला. मला वाटलं आता सगळं बाहेर येणार. मी ऐकलं ते एवढंच, "दादा, जेवलास का?" मग बराच वेळ ती ऐकत होती. बस आली तशी मला न बोलावता चढली. मी धावत मागच्या दारानं चढलो.

पुढचे सगळे हेलपाटे तिनं एकटीनं घातले. मी येऊ का विचारलं तर म्हणाली, "तुम्ही आलात की तुम्हांलाच विचारतात." जुन्या नावाचं गॅझेट झालं, आधार झालं. बँकेनं दोनदा परत पाठवलं, तेही झालं. वर्ष गेलं. अर्ज आत गेला. चारांपैकी किती सेमिस्टर धरायची ते समिती ठरवणार, आणि समितीची बैठक सारखी पुढं जाते. शिकवणीच्या पोरांना ती आता ज्यादा गणितं घालते, जरा कडकपणानं.

विद्यापीठात फोन करणं तिनं सोडलंय. दर सोमवारी मी करतो, कचेरीतून, जेवणाच्या सुट्टीत. पलीकडून विचारतात, कुणाची फाइल? मी तिचं नाव सांगतो, एकेक अक्षर फोडून, कारण त्यांना ऐकू येत नाही. ते थांबायला सांगतात, कागद चाळल्याचा आवाज येतो. मग म्हणतात, अजून पेंडिंग आहे, सार.