गाठीला लोखंड नको

"गाठीला लोखंड लागू देणार न्हाई!" किसनराव ओरडले आणि माझ्या हिंगोलीच्या दवाखान्याच्या काचा हादरल्या. एसटीचे ड्रायव्हर ते. कळमनुरीला नुसते खाकरले तरी नांदेडच्या स्टँडवर प्रवासी बॅगा उचलून उभे राहत.

लोखंड म्हणजे सुई किंवा चाकू. ते लागलं की कॅन्सर भडकतो, ही आमच्या भागातली पक्की समजूत.

त्यांच्या थुंकीत कॅन्सरच्या पेशी सापडल्या होत्या. गाठ उजव्या फुप्फुसात. तिथंच असली तर ऑपरेशन करून निघणार, पसरली असली तर नाही. ते पाहायला मी त्यांना हैदराबादला पेट स्कॅनला पाठवलं. तेव्हा आमच्याकडं ही तपासणी नवी होती. यात शिरेतून किरणोत्सारी साखर सोडतात. कॅन्सरच्या पेशी महाखादाड, पहिल्या पंगतीवर झडप घालणाऱ्या वऱ्हाडासारख्या. साखर जमेल तिथं फोटोत उजेड दिसतो.

उजेड फुप्फुसात दिसला. आणि मानेत डाव्या बाजूलाही.

"म्हंजे पसरला," त्यांच्या पत्नी शांताबाई हळूच म्हणाल्या.

"तसंच काही नाही, वहिनी. टीबीची गाठसुद्धा अशीच साखर खाते. मानेतल्या गाठीतून सुईनं चार पेशी काढू. टीबी निघाला तर कॅन्सर फुप्फुसातच आहे, सर्जन लगेच ऑपरेशन करतो म्हणतात."

"येवढी घरायेवढी मशीन खोटं बोलून राहिली, अन् तुमची टिचभर सुई खरी?" किसनराव म्हणाले.

"मशीन खोटं बोलत नाही हो. घरात दिवा दिसतोय, एवढंच सांगते. आत पाहुणा की चोर, ते दार वाजवल्यावरच कळणार."

"अन् दार वाजवून चोर गावभर पळला तर? आमच्या साडूला सुई लावली, महिन्यात खलास!"

"साडू फार उशिरा आले होते."

"बराबर. आले नसते तर वाचले असते!"

मी इतकं समजावलं की कोपऱ्यातल्या सांगाड्यानंसुद्धा मान डोलावली असेल. किसनरावांनी नाही डोलावली. शांताबाई दारात थबकल्या, माझ्याकडं पाहिलं आणि त्यांच्यामागं निघून गेल्या.

पुढं कितीतरी महिने मानेवर झाडपाल्याचा लेप चालला. मग एका सकाळी मानेतली गाठ आपोआप फुटली. लोखंड न लागता. शांताबाई त्यांना घेऊन आल्या. पू तपासला. टीबी!

मी तातडीनं छातीचा सीटी स्कॅन करवला आणि फिल्म सर्जनना नेऊन दाखवली. त्यांनी ऑपरेशनला नकार दिला. फुप्फुसातल्या गाठीनं मोठ्या रक्तवाहिनीला विळखा घातला होता.

"मानेतला टीबी होता, हे तेव्हाच कळलं असतं तर..." ते म्हणाले.

औषधांनी मानेतला टीबी बरा झाला. किसनराव गेले.

आता मी स्कॅन लिहून देण्याआधीच घरच्यांना विचारतो, नको तिथं उजेड दिसला तर सुई लावू द्याल का? बहुतेक वेळा जोरदार भांडण होतं. होऊ देतो. स्कॅनच्या आधी भांडायला वेळ असतो.