ड्रम जाणार नाही एवढं दार

घर घेताना माणसं पाणी बघतात, ऊन बघतात, स्टेशन किती लांब ते विचारतात. आम्ही खिडकी बघितली. नव्वदच्या दशकात विरार पूर्वेला इमारती भराभर उभ्या राहत होत्या आणि मध्ये मध्ये भाताची शेतं शिल्लक होती. माझी आई मुंबईत नर्स होती. निवृत्त झाल्यावर तिने इथे छोटासा ब्लॉक घेतला, स्वतःच्या कमाईतून आणि स्वतःच्या नावावर. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुढे तिच्या इमारतीच्या मागे दुसरी इमारत चढायला लागली, तेव्हा मी आणि माझा नवरा अर्धवट स्लॅबवर उभे राहिलो. समोर आईच्या स्वयंपाकघराची खिडकी. मी हाक मारली, आईने हात हलवला. झालं, ब्लॉक बुक. मधल्या शेताच्या बांधावरून ये-जा करायची, कुकर लावून आईकडे जायचं आणि शिट्टी व्हायच्या आत परत यायचं, असा आमचा बेत.

रस्ता कुठे आहे हे आम्ही विचारलंच नाही. आमच्यासारख्या नोकरदारांना एक खोड असते, भिंतीवर नकाशा टांगलेला दिसला की तो आम्हाला खरा वाटतो. बिल्डरच्या ऑफिसातल्या नकाशात साठ फुटी रस्ता होता, दुतर्फा झाडं होती, छत्री घेतलेली एक बाईसुद्धा होती. आम्ही राहायला आलो तेव्हा त्या बाईचा पत्ता नव्हता आणि रस्त्याचाही नव्हता. शेत गेलं, आणखी इमारती आल्या आणि प्रत्येक सोसायटीने आपापली भिंत घातली. आईच्या सोसायटीची भिंत खांद्याइतकी उंच. आता आईकडे जायचं तर मेन रोड, मग नाका, मग पाण्याच्या टाकीला वळसा घालून तिची गल्ली. खिडकीतून गप्पा मारता यायच्या, पण वाटीभर आमटी द्यायची तर रिक्षा करावी लागायची.

जवळच्या चांदीप गावाहून भाजी घेऊन येणारी एक मावशी होती, ती पूर्वी बांधावरून दोन्हीकडे फिरायची. भिंत बघून तिने पाटी खाली ठेवली आणि सरळ शिव्याच घातल्या. "आता एवढं फिरून कोन जानार? पानी मारून मारून भाजी तरी किती टिकनार?" मला फार बरं वाटलं. माझ्या मनातलं कोणीतरी मोठ्याने बोललं होतं.

मग आईच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. एकदा तिला ताप भरला. मी खिडकीतून हाका मारत होते आणि तिला उठून कडी काढायचंही त्राण नव्हतं. रिक्षा मिळून तिच्या दारात पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला. ही गोष्ट पुण्याला माझ्या मोठ्या भावाला कळली. त्याचा फोन आला. "तू भिंतीपलीकडून काय करणार आहेस? मे महिन्यात मी येतो आणि आईला घेऊन जातो. तो ब्लॉक विकून टाकू." दादा प्रेमानेच बोलत होता, म्हणून जास्त राग आला. आईला सांगितलं तेव्हा तिने पदराने दारावरची स्वतःच्या नावाची पाटी पुसली. "जन्म क्वार्टर्समध्ये गेला गं," ती म्हणाली. "हे माझं पहिलं घर."

मी तडक तिच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. सज्जन माणूस, पण त्यांच्या मनात एक भीती घट्ट बसलेली. तेव्हा आमच्याकडे पाणी टँकरने यायचं आणि टँकर आला की एरवी गळ्यात गळे घालणारे शेजारी एकमेकांकडे संशयाने बघायचे. ते म्हणाले, "वहिनी, दार केलं की तुमच्याकडचे लोक ड्रम घेऊन आमच्या टाकीवर येतील."

"मी काय ड्रम घेऊन आईला भेटायला येणार आहे?"

"तुम्ही नाही हो, पण लोक..."

हे 'लोक' कोण, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

संक्रांत आली. आमच्यात हळदी-कुंकवाचं बोलावणं आलं की ते मोडत नाहीत, पाच मिनिटं का होईना, टेकून जावं लागतं. मी आमच्या बाजूला थेट भिंतीला लागून सतरंजी अंथरली आणि रिक्षाने वळसा घालून पलीकडच्या घराघरांत बोलावणं करून आले. पहिलं बोलावणं सेक्रेटरींच्या बायकोला. आई विधवा, म्हणून तिच्या सोसायटीत तिला अशा वेळी कोणी बोलवत नसे. ते मला आधीपासून खुपत होतं. मी तिला सांगितलं, "तिळगूळ तूच वाटायचास. पण पलीकडे उभी राहून, बायका भिंतीवर चढतील तिथे."

संध्याकाळी काठापदराच्या साड्या नेसून बायका भिंतीपाशी जमल्या. त्या नटलेल्या अवस्थेत नाक्याला वळसा घालायची कोणाचीच तयारी नव्हती. दोन्ही बाजूंना स्टुलं लागली. पलीकडचं स्टूल आईने धरलं होतं. एका हाताने तिळगूळ देत ती वॉर्डातल्या आवाजात सूचना करत होती, "उजवा पाय आधी. खाली बघू नका. श्वास सोडा." तिचे गुडघे दुखत असणार, पण चेहऱ्यावर ते कुठेच नव्हतं. माझी आई ड्यूटीवर कशी दिसत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

सेक्रेटरी कामावरून परतले ते नेमके त्याच वेळी. त्यांच्या सौभाग्यवती नथ घालून भिंतीवर बसलेल्या, एक पाय अलीकडे, एक पलीकडे, हातात वाणाची वाटी. "अहो, बघत काय उभे राहिलात? हात द्या!" त्यांनी हात दिला. खाली उतरून त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी असली चढाई करणार नाही. इथे दार झालं पाहिजे."

दार झालं. पण कमिटी ती कमिटीच. त्यांनी चक्क निळा ड्रम आणून माप घेतलं आणि ड्रम जाणार नाही एवढंच अरुंद लोखंडी दार बसवलं. अंगाने भरलेली माणसं त्यातून आडवी होऊन जायची. चांदीपची मावशी मात्र डोक्यावरची पाटी भिंतीच्या वरून काढत ताठ मानेने जायची. टँकरच्या पाण्याचा एक तांब्यासुद्धा इकडचा तिकडे झाला नाही. ते बघून शेजारच्या सोसायटीने आमच्या बाजूच्या भिंतीत दार पाडलं, मग त्यांच्या मागच्यांनी. दाराला दार जुळत गेलं. बघता बघता बाजार, शाळा, स्टेशन, कुठेही मेन रोडला न लागता जाता यायला लागलं. साठ फुटी रस्ता पुढे कित्येक वर्षं नकाशातच राहिला. आमचा हा रस्ता बायकांनी स्टुलावर चढून काढला, आणि मला त्याचा अभिमान आहे. कोणी ऐकणारं भेटलं की मी हे सगळं पहिल्यापासून सांगते.

मे महिन्यात दादा आला, आईचे कपडे न्यायला मोठी रिकामी बॅग घेऊन. आईने त्याला आमरस-पुरी वाढली. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "चल आई, बॅग भर." आईने भरली. कुरडया, पापड, सुनेसाठी साडी, नातवाला खाऊ. चेन ओढून बॅग त्याच्या हातात दिली.

"आणि तुझे कपडे?"

"माझे कपडे माझ्या कपाटात आहेत. चल, तुला स्टेशनला सोडते."

आई काठी घेऊन पुढे, दादा बॅग सांभाळत मागे, त्याच्या मागे मी. एकामागून एक दारं ओलांडत, दमली की कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या बाकावर टेकत, ओळखीच्या बायकांशी दोन शब्द बोलत आई चालत होती. दादा प्रत्येक दारातून बॅग आडवी करून काढत होता. स्टेशनच्या जिन्याशी थांबल्यावर त्याने हळूच विचारलं, "आई, परत कशी जाशील?"

"आले तशीच," आई म्हणाली आणि वळलीसुद्धा.