बाबांची फाइल, मोठ्या अक्षरांत

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं, जे वाचायचंय ते आताच वाचून घ्या. तिला एकच वाचायचं होतं, बाबांच्या आठवणी. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बडोद्यात निजामपुऱ्याच्या घरी बसून बाबांनी त्या कॉम्प्युटरवर टाइप केल्या होत्या. आता बाबा नाहीत, आणि छापील प्रत आईला भिंगातूनही दिसेना.

म्हणून मी ई-रीडर आणला. वाटलं, फाइल टाकली की सुटले. दिवसभर शाळेत शिकवून आल्यावर माझ्या अंगात त्राण उरत नाही, त्यात हे नवं लचांड. पीडीएफ टाकली तर अख्खं पान त्या छोट्या पडद्यात कोंबलेलं, अक्षरं मुंगीएवढी. मोठं करावं तर निम्मी ओळ पडद्याबाहेर. आई बोटानं पान इकडून तिकडे सरकवायची आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ओळीची सुरुवात विसरायची.

शेजारणीनं सांगितलं, ईपब करून घे. त्यात मजकूर सुटा असतो, अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्यानं लागतात. केली. उघडली तर मराठीचा मागमूस नाही, नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. शहरातच अकोट्याच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. त्यानं फाइल पाहून मान हलवली. म्हणाला, "बेन, आमां तो मराठी छे ज नहीं."

त्याचं खरं होतं, आत मराठी नव्हतंच. बाबांनी तरुणपणी मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली. तोच कीबोर्ड चालतो म्हणून ते जुन्या फॉन्टला धरून बसले. त्या फॉन्टात आत सगळी इंग्रजी अक्षरं, वरून फक्त मराठी दिसायचं. फॉन्ट गेला की सोंग उतरलं. युनिकोडमध्ये टाइप करा, ते कुठंही मराठीच राहतं, म्हणून मी किती वेळा सांगितलं होतं, पण या वयात बोटांना नवं वळण लागायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले.

फॉन्ट बदलून देणारं एक सॉफ्टवेअर मिळालं, त्यानं निम्मी जोडाक्षरं मोडून ठेवली. शेवटी सगळं नव्यानं टाइप करायला बसले. रोज शाळेतून आल्यावर दोन पानं. मान आखडायची, आणि आतून आई विचारायची, कुठवर आलं?

निवृत्तीच्या प्रकरणात एक पान होतं. त्यांना गावी परत जायचं होतं, आईनं बडोदं सोडायला साफ नकार दिला, आणि त्यासाठी आपण तिला मनातून कधी माफ केलं नाही, असं बाबांनी लिहिलं होतं. आईला आता हे कशाला? मी ते पान गाळलं.

फाइल चढवली, अक्षर सगळ्यात मोठं केलं. एका ओळीत जेमतेम तीन शब्द. आई आठ दिवस वाचत होती. मग मला बोलावून म्हणाली, "गावाला जायचं पान कुठंय?"

मी म्हटलं, फाइल बदलताना काही मजकूर उडतो, या फॉरमॅटचं असंच असतं.

"फॉरमॅटला काय कळतं कुठलं पान उडवायचं ते? लिहिलं त्या दिवशीच त्यांनी मला वाचून दाखवलं होतं."

मग मी एवढंच म्हणाले की तुला त्रास होईल असं वाटलं, आणि आज फार दमलेय, उद्या घालते.

"आजच घाल," आई म्हणाली. "बाकी सगळं त्यांनी लोकांसाठी लिहिलंय. तेवढंच एक माझ्याशी बोललेत."

मी लॅपटॉप उघडला. ती शेजारी खुर्ची ओढून बसली आणि पान पूर्ण होईपर्यंत उठली नाही.